एक कळफलक, दोन संगणक

(द्वितीय वर्ष, कला)

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, अशी आपल्याकडे म्हण आहे. संगणकाच्या बाबतीत मात्र ती थोडी बाजूला ठेवावी लागते. एक कळफलक, एक पडदा आणि एक माऊस एवढ्या सामग्रीवर दोन संगणक सुखाने नांदू शकतात. लग्नपत्रिका, पतसंस्थेचा अहवाल किंवा एखादी स्मरणिका छापून घेण्यासाठी जे कोणी डी.टी.पी.च्या दुकानात गेले असतील, त्यांना टेबलाखाली दोन डबे आणि टेबलावर एकच पडदा असा संसार कुठे ना कुठे दिसला असेल. काम करणारा एक बटण दाबतो. पडद्यावरचे एक चित्र जाऊन दुसरे येते. आणि तोच कळफलक व तोच माऊस दुसऱ्या संगणकाच्या सेवेत रुजू होतात.

हे कसे घडते, त्याची गरज का पडते आणि त्याची मर्यादा कोणती, हे सोप्या भाषेत सांगावे एवढाच या लेखाचा हेतू आहे. विषय यंत्राचा असला, तरी मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या आपणा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांशी तो फार जवळून निगडित आहे. कसा, ते पुढे ध्यानात येईलच.

दोन संगणक हवेतच कशाला?

कोणीही विचारील की, जुना संगणक भंगारात घालावा आणि नवा घ्यावा. दोन्ही सांभाळण्याचा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर मराठी अक्षरजुळणीच्या गेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या इतिहासात आहे. शिशाचे खिळे जुळवण्याचा काळ मागे पडला आणि संगणकावरची जुळणी आली, तेव्हा पानाची मांडणी करण्यासाठी 'पेजमेकर' नावाचा प्रोग्रॅम घरोघरचा झाला. त्याच्या जोडीला मराठी अक्षरे देणारी पॅकेजे आली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्री-लिपी' आणि पुण्यातच १९८८ साली स्थापन झालेल्या 'सी-डॅक' या संस्थेची 'आय.एस.एम.' ही त्यांतली सुपरिचित नावे. या साधनांवर हजारो पुस्तके, अंक, अहवाल आणि पत्रिका तयार झाल्या.

परंतु यंत्रयुगाला थांबणे ठाऊक नाही. पेजमेकरची शेवटची, म्हणजे सातवी आवृत्ती २००१ साली निघाली आणि २००४ साली अडोबी कंपनीने त्याचा विकास थांबवला. ज्या 'विंडोज एक्स.पी.'वर हे सारे सुरळीत चालत असे, तिचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी काढून घेतला. शिवाय त्या काळच्या कित्येक पॅकेजांना 'डोंगल' नावाची एक छोटी किल्ली लागे. ती संगणकाच्या पाठीमागे, प्रिंटरच्या रुंद खाचेत बसवावी लागे; किल्ली नाही तर अक्षर नाही. आजच्या संगणकाला ती खाचच नसते. मग जुनी फाईल उघडायची तर जुना संगणक हवा. ई-मेल, नवे प्रोग्रॅम आणि इंटरनेट यांसाठी नवा हवा. दुकानदाराने दोघांनाही घरात ठेवून घेतले, ते असे.

ही वेळ केवळ डी.टी.पी.वाल्यांवरच आली असे नाही. 'विंडोज १०'चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुढची 'विंडोज ११' ही प्रणाली संगणकात विशिष्ट सुरक्षा-सोय असल्याशिवाय रीतसर बसत नाही. त्यामुळे धडधाकट असूनही 'जुने' ठरलेले असे अनेक संगणक आज घराघरांत आणि कचेऱ्यांत आहेत.

दुसरे कारण सुरक्षिततेचे. काही ठिकाणी इंटरनेटचा संगणक आणि महत्त्वाच्या कामाचा संगणक मुद्दाम वेगळे ठेवतात. तमिळनाडूतील कुडनकुलम अणुवीज केंद्राचे उदाहरण घ्या. २०१९ साली तेथील कार्यालयीन जाळ्यातल्या एका संगणकात घातक प्रोग्रॅम सापडला. संयंत्राचे आतले महत्त्वाचे जाळे त्यापासून अलग ठेवलेले आहे, असे संबंधित महामंडळाने तेव्हा जाहीर केले. एकाच माणसाला अशा दोन अलग जाळ्यांवर काम करायचे असेल, तर त्याच्यापुढे दोन संगणक येणारच. आणि टेबलावर दोन कळफलक, दोन पडदे ठेवले तर कोपर टेकायला जागा उरायची नाही.

चारीचे दार आणि शेतातले बुजगावणे

या अडचणीवरचा तोडगा म्हणजे 'के.व्ही.एम. स्विच' नावाची तळहाताएवढी डबी. की-बोर्ड, व्हिडिओ आणि माऊस या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या सायबेक्स या कंपनीचे संस्थापक रेमिजियस शाटास यांनी १९९५ साली ते रूढ केले, असे मानले जाते.

आपल्या जिल्ह्यातल्या वाचकाला ही डबी समजावून सांगायला पाटाच्या पाण्याइतके चांगले उदाहरण नाही. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, तेव्हापासून प्रवरेच्या दोन्ही तीरांवरच्या गावांना पाण्याची पाळी ठाऊक आहे. चारी एक आणि वाफे दोन असले म्हणजे शेतकरी काय करतो? एका वाफ्याचे तोंड मातीने बंद करतो आणि दुसऱ्याचे उघडतो. यालाच आपण दारे धरणे म्हणतो. स्विच हेच करतो. कळफलकाकडून येणाऱ्या खुणांचा प्रवाह तो एका वेळी एकाच संगणकाकडे सोडतो आणि त्याच संगणकाचे चित्र पडद्याकडे येऊ देतो.

एका गोष्टीचा येथे खुलासा केला पाहिजे. दार बंद केलेल्या वाफ्यातली ओल जशी लगेच जात नाही, तसा बाजूला ठेवलेला संगणकही बंद पडत नाही. त्याला सांगितलेले काम तो चालूच ठेवतो. एकीकडे शंभर पानांची छपाई लावून द्यावी, बटण दाबावे आणि दुसरीकडे पत्र लिहायला बसावे, हे अगदी शक्य आहे. वाटून घेतले जातात ते आपले हात आणि डोळे. संगणकाची बुद्धी ज्याची त्याच्याकडे असते.

सुरुवातीचे स्विच अगदी साधे होते. एक मूठ फिरवायची की तारा एकीकडून तुटून दुसरीकडे जुळत. पण त्यात एक खोड होती. जुन्या काळचा संगणक चालू होताना प्रथम कळफलक जागेवर आहे की नाही ते तपासत असे. तो नसला की तक्रारीची ओळ पडद्यावर दाखवून तेथेच अडून बसे. गंमत अशी की, कळफलक सापडत नाही म्हणून सांगायचे आणि त्याच ओळीत पुढे जाण्यासाठी कळ दाबा असेही सांगायचे! माऊसची तऱ्हा याहून निराळी नव्हती. चालू संगणकापासून तो एकदा तुटला की पुन्हा जोडूनही पुष्कळदा हालत नसे.

यावर उपाय निघाला तो शेतातल्या बुजगावण्यासारखा. मालक घरी गेला तरी बुजगावणे उभे असते, आणि कोणीतरी राखणीला आहे असे पाखरांना वाटत राहते. चांगल्या प्रतीच्या स्विचमध्ये असेच एक सर्किट असते. खरा कळफलक दुसऱ्या संगणकाकडे गेला, तरी ते पहिल्याला 'मी येथेच आहे' असे सांगत राहते. दोन्ही संगणकांना वाटते की कळफलक आपलाच. पडद्याच्या बाबतीतही तेच करावे लागते. आपण किती लांबी-रुंदीचे चित्र दाखवू शकतो, याची माहिती पडदा संगणकाला देत असतो. ती मध्येच तुटली तर नवे संगणक पडदा काढून घेतला असे समजतात, आणि मांडलेल्या खिडक्या इकडेतिकडे करतात. म्हणून चांगला स्विच पडद्याची ही ओळख लक्षात ठेवतो आणि दोघांनाही दाखवत राहतो. स्वस्त आणि महाग स्विचमधला फरक बहुधा याच बुजगावण्यात असतो.

अक्षर कोण ठरवतो?

येथे एक प्रश्न साहजिकच मनात येतो. एका संगणकावर जुने पॅकेज आणि दुसऱ्यावर नवी पद्धत असताना एकाच कळफलकावरून दोन्हीकडे मराठी कसे उमटते? कळफलक बदलावा लागत नाही काय?

नाही; कारण कळफलकाला अक्षर कळतच नाही. आपण कळ दाबतो तेव्हा तो संगणकाला 'क' किंवा 'के' असे कळवत नाही. अमुक क्रमांकाची कळ दाबली गेली, एवढेच कळवतो. त्या कळीचे अक्षर कोणते, हे संगणकातला प्रोग्रॅम ठरवतो. भारत सरकारने पुरस्कारलेल्या 'इनस्क्रिप्ट' मांडणीत इंग्रजी 'के'च्या कळीवर 'क' आहे आणि 'डी'च्या कळीवर पाय मोडण्याचे चिन्ह आहे. टंकलेखन यंत्राच्या धर्तीवरच्या मांडणीत त्याच कळांवर निराळीच अक्षरे येतात. गेल्या उन्हाळी सुट्टीत मी अशाच एका दुकानात मजकूर भरण्याचे काम केले. तेथे जुन्या संगणकावर टंकलेखनाची मांडणी आणि नव्यावर इनस्क्रिप्ट अशी सोय होती. बटण दाबले की बोटांनाही मनातल्या मनात बटण दाबावे लागे. पहिले आठ-दहा दिवस गोंधळ होतो, पुढे बोटे आपोआप वळतात. घरी बोलीत आणि वर्गात प्रमाण मराठीत बोलणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना ही सवय नवी वाटू नये.

जोडणी करताना

कोणाला अशी जोडणी करायची असेल, तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बाजारात जाण्यापूर्वी दोन्ही संगणकांच्या पाठी नीट पाहाव्यात. जुन्याला पडद्यासाठी पंधरा छिद्रांची व्ही.जी.ए. खाच, आणि कळफलक-माऊससाठी जांभळ्या व हिरव्या रंगांच्या गोल खाचा असण्याचा संभव असतो, नव्याला एच.डी.एम.आय. आणि यू.एस.बी. असतात. दोघांच्या खाचा जुळत नसतील तर मध्ये बदलजोड घ्यावा लागतो. साधा दोन संगणकांचा स्विच काही शे रुपयांत मिळतो; मोठ्या व सुस्पष्ट पडद्यासाठीचा घ्यायचा तर काही हजार मोजावे लागतात.

जोडणी करताना दोन्ही संगणक बंद असावेत. विशेषतः गोल खाचांच्या तारा चालू संगणकात घालू-काढू नयेत. दोन्ही संगणकांची वीज अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावरून घ्यावी, कारण स्विचच्या तारांनी दोघांची अंगे आता एकमेकांना जोडली गेलेली असतात. प्रत्येक तारेला 'जुना' आणि 'नवा' अशी चिठ्ठी चिकटवावी. ती पुढे फार उपयोगी पडते. काही स्विचना बटणाऐवजी कळफलकावरूनच हुकूम देता येतो, आणि त्यासाठी बहुधा 'स्क्रोल लॉक' ही कळ दोनदा दाबायची असते. एरवी या कळीला कोणी विचारत नाही. रिकाम्या बसलेल्या कळीला असे काम लागले, हे बरेच झाले!

पैसे वाचवण्याचा आणखी एक मार्ग आहे. आजकालच्या बऱ्याच पडद्यांना मागे दोन खाचा असतात. दोन्ही संगणक थेट पडद्याला जोडावेत आणि कोणाचे चित्र हवे ते पडद्याच्याच बटणाने निवडावे. मग कळफलक आणि माऊस यांच्यापुरता एक लहान यू.एस.बी. स्विच पुरतो. दोन बटणे दाबावी लागतात, एवढीच तसदी.

ज्यांच्याकडे दोन पडदे आहेत त्यांना डबीचीही गरज नाही. २००१ साली आलेला 'सिनर्जी', मायक्रोसॉफ्टचा २०११ सालचा 'माऊस विदाउट बॉर्डर्स' किंवा ॲपलने २०२२ साली दिलेली 'युनिव्हर्सल कंट्रोल' ही सोय, यांनी माऊसचा बाण एका पडद्याच्या कडेवरून सरळ दुसऱ्या संगणकाच्या पडद्यावर जातो. हे काम तारेच्या स्विचने नव्हे, तर दोन्ही संगणकांमधल्या जाळ्यावरून होते. परंतु जे संगणक एकमेकांपासून अलग ठेवायचे आहेत, त्यांना हा मार्ग वर्ज्य होय. ज्याचा आधार संपला आहे, अशा जुन्या एक्स.पी.च्या संगणकाला तर जाळ्यापासून दूर ठेवणेच शहाणपणाचे. तेथे साधी डबीच बरी.

जे वाटले जात नाही

आता मूळ मुद्द्याकडे वळू. स्विचने हात आणि डोळे वाटले; स्मरण वाटले नाही. जुन्या संगणकातला मजकूर बटण दाबून नव्यात येत नाही. पेन ड्राईव्हने फाईल आणली, तरी नव्या संगणकावर पुष्कळदा मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा काला दिसतो. असे का व्हावे?

जुन्या पॅकेजांत मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक नव्हता. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवून काम भागवलेले होते. तो फाँट असेपर्यंत मराठी दिसे. फाँट गेला की मुखवटा गळून पडे. युनिकोड पद्धतीत तसे नाही. १९९१ साली निघालेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत. 'क'चा क्रमांक २३२५. तो जगातल्या कोणत्याही संगणकावर 'क'च राहणार.

जुन्याचे नव्यात रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत. पण ज्या-त्या फाँटची बाराखडी निराळी असल्याने योग्य तोच निवडावा लागतो. रूपांतरानंतरही माणसाची नजर हवीच. 'कि' लिहिताना जुन्या पद्धतीत ह्रस्व वेलांटी आधी आणि 'क' नंतर येई; युनिकोडमध्ये 'क' आधी आणि वेलांटी नंतर. 'अर्क'मधला रफार जुन्या पद्धतीत 'क'नंतर टाकत. युनिकोडमध्ये पाय मोडलेला 'र' आधी येतो. असे क्रम उलटसुलट करताना यंत्र चुकते. म्हणून एका पडद्यावर जुने पान पाहायचे, बटण दाबायचे, नवे पान तपासायचे, पुन्हा बटण दाबायचे, असे काम करावे लागते. स्विचचा खरा उपयोग मला तेथे दिसला. एका गावच्या सप्ताहाची जुनी स्मरणिका आम्ही अशीच ओळीओळीने नव्यात आणली. देणगीदारांची नावे, कीर्तनकारांची नावे, गावच्या ओढ्यांची आणि शिवारांची नावे तिच्यात होती. ती आणखी कोठे लिहून ठेवलेली असतील, असे मला वाटत नाही.

आपल्या या नगर शहरात १८४२ साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झाले. त्याचा जुना अंक आज हाती आला, तर भाषेचे वळण जुने वाटेल, पण वाचता येईल. कागद टिकला की मजकूर टिकला. याउलट २००२ साली तयार केलेली फाईल, ती वाचणारा संगणक आणि त्याची किल्ली निकामी झाली, की असून नसल्यासारखी होते. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे वाचता यावे आणि वीस वर्षांपूर्वीचे वाचता येऊ नये, ही स्थिती आपण भाषेच्या विद्यार्थ्यांनी निमूटपणे पाहत राहावी काय?

जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे वार्षिक अंक, वाचनालयांच्या याद्या, सहकारी संस्थांचे अहवाल, स्थानिक कवींचे छोटे संग्रह यांतला किती मजकूर अशा जुन्या संगणकांत पडून असेल! त्यातले सगळेच मोलाचे नसेल. पण काय मोलाचे आहे हे ठरवण्यासाठी तरी ते वाचता आले पाहिजे. ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात एक जुना आणि एक नवा संगणक, मध्ये एक स्विच, आणि 'कमवा व शिका' योजनेतले दोन विद्यार्थी एवढ्यावर या कामाला सुरुवात करता येईल. आपल्या वार्षिक अंकाच्या जुन्या फाईली हा पहिला धडा ठरावा, अशी माझी ग्रंथपाल महोदयांना आणि मराठी विभागातील गुरुजनांना नम्र सूचना आहे. शुद्धलेखनाचा असा सराव वर्गातल्या निबंधानेही होणार नाही.

घाई मात्र केली पाहिजे. जुन्या संगणकाची डिस्क एके दिवशी बसणारच, आणि तिचे सुटे भाग मिळणे दिवसेंदिवस कठीण होत जाणार. पाटाला पाणी आहे तोवर वाफे भरून घ्यावेत, हे शेतकऱ्याच्या घरी लहान पोरालाही सांगावे लागत नाही. स्विचने आपल्याला दोन काळांच्या मध्ये बसण्याची सोय करून दिली आहे. ती सोय कायमची नाही. पाळी चालू आहे तोपर्यंतच ती आपली.